वर्षावासातला सुतळी बॉम्ब

मी शाळेत गेले नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुठं काना-मात्रा चुकला तर तुम्ही समजून घ्याल. अक्षरं मी माझ्या पोरांच्या पुस्तकांतून उचलली. पोरं चुलीजवळ बसून धडे घोकायची आणि मी भाताचं आधण ठेवून त्यांच्या खांद्यावरून डोकवायची. मोठा पोरगा चौथीत गेला तोवर मीही चौथीत पोचले होते, फक्त हजेरीत माझं नाव नव्हतं.

एवढ्याशा शिक्षणावर माणसानं किती फुगावं, त्याचा हिशेब माझ्यापाशी नाही. आमच्या गावच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. गेली कित्येक वर्षं तो ग्रंथ मीच वाचते. पांढरी साडी नेसायची, चष्मा पुसायचा, पाटावर ग्रंथ ठेवायचा आणि आवाज जरा जड करून सुरू करायचं. समोर बसलेल्या बायांत दोन-तीन मॅट्रिक झालेल्या आहेत, पण त्यांना माझ्यासारखा आवाज नाही. असं मी म्हणते. त्या काय म्हणतात, ते मी कधी विचारलं नाही.

माझं घर आणि विहार यांच्या मधे गावची बोडी आहे, म्हणजे आमचं लहानसं तळं. आणि बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, एक जुनी चिंच. पाऊस लागला की त्या चिंचेवर बगळे उतरतात. एक-दोन नाही, झाडच्या झाड पांढरं होतं. घरटी बांधतात, भांडतात, दिवसभर क्रॉक-क्रॉक करतात. खालच्या वाटेवर त्यांची शीट अशी पडलेली असते, जशी कोणी चुन्याची बादली सांडली. आणि विहाराकडं जाणारी वाट नेमकी त्या चिंचेखालून.

आता पाहा, पांढऱ्या साडीवर पांढरी शीट, दिसायला नको. पण ती पांढरी नसते हो. तिच्यात हिरवं असतं, पिवळं असतं, आणि मासोळीचा वास असतो. मी छत्री नेऊन पाहिली. आठ दिवसांत काळ्या छत्रीवर असे ठिपके पडले की आमचे हे म्हणाले, "चांदण्या रात्री काऊन बाहेर पडतेस व? छत्रीतच आभाळ घेऊन फिरून राह्यली." आमचे हे वीजखात्यात लाइनमन होते. आयुष्यभर खांबावर चढून खालच्या लोकांना हसायची सवय लागलेली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. मग मी दुसऱ्या वाटेनं, बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे धानाच्या शेताच्या कडेनं, जाऊन पाहिलं. तिथं घसरून चिखलात बसले. त्या दिवशी ग्रंथ दुसरीनं वाचला, आणि बरा वाचला. ते मला शीटपेक्षा जास्त लागलं.

श्रावण सरत आला तेव्हा तालुक्याहून काही पाहुणे विहारात यायचे होते. मी साडीला नीळ दिली, इस्त्री केली. चिंचेखालून जवळजवळ पळतच गेले. पोचले, पाटाशी बसले, ग्रंथ उघडला, आणि पहिल्या ओळीलाच समोरच्या बाईनं स्वतःच्या खांद्याकडं बोट दाखवून मला खूण केली. माझ्या खांद्यावरून पाठीकडं हे एवढं लांब ओघळलेलं. पाहुण्यांतली एक बाई नाकाला पदर लावून बसली होती. मी करुणेचा अध्याय वाचत होते आणि मनात त्या बगळ्यांना काय काय म्हणत होते, ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या जावेकडं गेले. तिचं घर आमच्या घराला लागूनच. ती एकटीच शेती सांभाळते. धानाच्या बांधीत रानडुकरं उतरतात म्हणून ती सुतळी बॉम्ब ठेवते, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, पिठाच्या डब्यात, पिठावर. ओल लागू नये म्हणून. तिच्या हातच्या पोळ्यांना जरा बारुदाचा वास येतो, पण तिला कोण सांगणार?

"दोन बॉम्ब दे व," मी म्हटलं.

"तुमाले कायले? तुमच्या घरामागच्या वाडीत डुकरं कुठी येते, बाई?"

"माकडं आली. दोडके तोडून राह्यले."

वर्षावासात खोटं बोलू नये, हेही शीलात आहे. पण त्या घडीला मला साडी दिसत होती, शील दिसत नव्हतं.

शेतात बॉम्ब कसा फोडतात, ते आमच्याकडं लहान लेकराला ठाऊक असतं. नुसता फोडला तर डुक्कर मान वर करून पाहतं आणि पुन्हा खायला लागतं. म्हणून वर तेलाचा रिकामा पिपा पालथा घालायचा, आवाज दुप्पट होतो. मी पिपा घेतला, अगरबत्ती पेटवली, आणि उन्हं कलली तशी चिंचेखाली गेले. दोन्ही बॉम्बच्या वाती एकत्र पिळल्या. एका पिप्याखाली एक बॉम्ब असतो, दोन नसतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण राग होताच, म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. वर पिपा पालथा घातला, बाहेर राहिलेली वात पेटवली, साडी गुडघ्यापर्यंत धरली, आणि माझ्या वयाची बाई जशी पळेल तशी पळाले. म्हणजे बदकासारखी.

धडाम! पिपा चिंचेच्या खालच्या फांदीला जाऊन लागला. अख्खं झाड एका झटक्यात उठलं. आभाळात पांढरंच पांढरं, आणि खाली बारुदाचा निळा धूर. आमच्या घराच्या खिडकीची काच थरथरली. जावेची गाय दावं तोडून विहाराच्या दिशेनं पळाली, जशी तीच आज ग्रंथ वाचणार होती. आणि मी, तुम्हाला खरं सांगते, मी टाळ्या वाजवल्या. एकटीनं, पाळीवर उभं राहून.

त्या संध्याकाळी मी स्वच्छ साडीनं विहारात पोचले. इतकं छान वाचलं की शेवटी मीच जरा थांबून ऐकलं, कोणी वाहवा म्हणतं का. परतताना झाड गप्प होतं. बोडीतले बेडूकही गप्प होते, आणि तो श्रावण होता. मला वाटलं, किती शांत वाटतं आज.

सकाळी अंगण झाडत होते तर जाऊ आली. पदरात काहीतरी धरलेलं.

"हे घ्या बाई, तुमचं माकड."

पदर उघडला. बगळ्याचं पिल्लू होतं. तुम्ही बगळ्याचं पिल्लू पाहिलं आहे का? देखणं नसतं ते. डोक्यावर उभे केस, अंगावर अर्धी पिसं, अर्धं नागडं, चोच आणि पाय कोणा दुसऱ्याचे लावल्यासारखे. थरथरत होतं.

"कुठी सापडलं?"

"माझ्या सरपणात घुसलं होतं. अजून तीन चिंचेखाली हायेत. त्यायले मुंग्या लागल्या." जाऊ माझ्याकडं पाहत नव्हती, पिल्लाकडं पाहत होती. "माकडायले एवढी लांब चोच असते, मले ठाऊक नव्हतं."

मी चिंचेखाली गेले. तीन पिल्लं पडलेली होती. एक तर इतकं लहान की डोळे नीट उघडले नव्हते. आजूबाजूला सुतळीच्या चिंधड्या, कागदाचे जळके तुकडे, पिपा फाटून उलटा झालेला. कागद वाऱ्यानं बोडीच्या पाण्यात गेले होते आणि काठाला लागून काळी साय धरल्यासारखे तरंगत होते. वर काही बगळे परतले होते, पण अर्धं झाड रिकामं. इतकी वर्षं मी त्या झाडाखालून गेले आणि वरून काय पडतं तेवढंच पाहिलं. वर कोणाचे संसार आहेत, हे मान वर करून पाहिलं नाही. मान वर केली असती तर चष्म्यावर पडलं असतं, हे कारण मी तेव्हाही मनात तयार ठेवलं होतं. माणूस स्वतःला सोडवायला किती चपळ असतो!

त्या तिघांना मी पाळीवर माती दिली. आणि चौथ्याला हातात घेऊन जावेला म्हटलं, "हे जगलं पायजे."

"जगवा मग," ती म्हणाली. "तुमीच पाडलं, तुमीच जगवा."

पुढचे पाच दिवस माझं एवढंच काम होतं. आणि इथं खरी पंचाईत सुरू झाली. पिल्लू भात खाईना. दूध-पोळी खाईना. अंडं दिलं तर माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्याला जेवायला बोलावून हात धुवायला पाणी दिलं. त्याला जिवंत पाहिजे होतं. नाकतोडे पाहिजे होते, बेडूक पाहिजे होते. आणि मी रोज सकाळी उठून पहिलं शील घेणारी, की कोणत्याही जिवाची हिंसा करणार नाही. वर्षावासात मी मासोळीसुद्धा बंद करते, आणि आमच्या झाडीपट्टीत, धान आणि तळ्यांच्या मुलखात, मासोळी बंद करणं म्हणजे काय, ते झाडीपट्टीतल्यालाच कळेल.

तर मी सकाळी हात जोडून शील घ्यायची, आणि लगेच मच्छरदाणीचा तुकडा काठीला बांधून पाळीच्या गवतात नाकतोडे धरायला निघायची. पाळीपलीकडं जायची सोय नव्हती, तिकडं वाघाचे पंजे उमटलेले होते. त्यामुळं मी गावाच्या अगदी डोळ्यांसमोर, सगळ्यांना दिसेल अशी, वाकून वाकून उड्या मारत होते. आमचे हे ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे.

"किती झाले आज?"

"सात."

"म्हणजे सात खून. अन् पोरगं?"

"एक."

"सातायले मारून एक जगवून राह्यली. संध्याकाळी काय वाचशील? करुणा?"

"तुमी गप बसा."

"मी गपच हाये. पिपा बोलून गेला."

पण दुपारी तेच माझ्या नकळत बोडीत उतरून लहान लहान बेडूक धरून आणायचे, आणि ओसरीत ठेवलेल्या टोपलीशी बसून चोचीत द्यायचे. मी आलेली पाहिली की हात मागं. पिल्लू त्यांच्या हातचं मुकाट खायचं. मी दिलं की आधी माझ्या बोटाला टोचायचं, मग खायचं. आणि कधी कधी खाल्लेलं सगळं माझ्या मांडीवर परत करायचं. साडीचं काय झालं, ते विचारू नका. त्या पाच दिवसांत मी साडीकडं पाहायचं सोडून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी विहारात एक गोष्ट घडली. ग्रंथ दरवर्षी तोच असतो आणि क्रमही तोच. त्या दिवशी पान उलटलं तर पुढं काय आलं? ती बाण लागलेल्या हंसाची गोष्ट. राजपुत्र त्याला उचलतो, बाण काढतो, आणि मग भांडण होतं की पक्षी कोणाचा, मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा. ती गोष्ट तुम्हा-आम्हा सगळ्यांना पाठ आहे. मी समोर पाहिलं. बाया शांत बसलेल्या. जाऊ पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून. मी हळूच एकदम दोन पानं उलटली आणि पुढचा भाग सुरू केला. आवाजही जरा जास्त जड केला.

जावेला अक्षर येत नाही. पण दरवर्षी ऐकून ऐकून तिला ग्रंथ असा पाठ झाला आहे की मी एखादी ओळ गाळली तर तिची मान थांबते. ती मान थांबली.

"बाई," ती म्हणाली, "हंस कुठी गेला?"

मी चष्मा पुसला.

"आज उडाला का? दरसाल तं इथीच असते."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. मी म्हटलं, "पानं चिकटली होती वाटते." पावसाळ्यात पानं चिकटतात, हे खरं आहे. पण ती चिकटली नव्हती, हेही खरं. मी दोन पानं मागं आले आणि वाचलं. सगळं वाचलं, बाणापासून. आवाज जड करायची गरज पडली नाही, तो आपोआप जड झाला होता. संपल्यावर जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या गोष्टीत मारणारा येगळा हाये अन् वाचवणारा येगळा. मारणारीच वाचवून राह्यली तं पक्षी कोणाचा, बाई?"

मी ग्रंथ मिटला. मी म्हटलं, "मले ठाऊक नाई. तो जगला की विचारू." आणि तेव्हा मला जाणवलं की मला दुसरं काहीच नको आहे. पाट नको, वाहवा नको, फक्त ते पिल्लू मरायला नको.

पाचव्या दिवशी वनरक्षक पोरगी गावात आली. ती वाघाचे ठसे पाहायला नेहमीच येते, गाडीवर, खाकी कपड्यांत, पायात चिखलाचे बूट. तिच्या कानावर गेलंच होतं. ती सरळ आमच्या ओसरीत आली आणि टोपलीत वाकली.

"आजी, रानातलं पाखरू घरी ठेवता येत नाई. कायदा हाये."

"पोरी, मी कुठी ठेवून राह्यली? ते पडलं होतं."

"कसं पडलं?"

आमचे हे खुर्चीतून म्हणाले, "माकडायनं पाडलं." मी त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मग मी तिला सगळं सांगितलं, पिप्यासकट. तिनं टिपून घेतलं नाही, रागावली नाही. फक्त म्हणाली, "घरट्यावर पिल्लं असताना आवाज झाला की आई-बाप उडतात, पिल्लं दचकून काठावर येतात अन् पडतात. जे वर राह्यले, त्यायचे आई-बाप कधी परत येतात, कधी येत नाईत." तिचं ते साधं बोलणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

ती चिंचेखाली गेली, दुर्बीण लावून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "जिथं पिपा लागला, त्या खालच्या फांदीवरचं घरटं पाहा. त्यात एक पिल्लू अजून हाये, अन् त्याले चारायले मोठे येऊन राह्यले. तुमचं तिथलंच असावं. परत ठेवून पाहू. संध्याकाळपर्यंत चारलं नाई तं मी चंद्रपूरला उपचाराले घेऊन जातो."

"अन् तिथी जगंल?"

"सांगता येत नाई, आजी."

वर चढणार कोण, हा प्रश्नच नव्हता. आमच्या ह्यांनी शिडी आणली, कमरेला जुना पट्टा बांधला, आणि पिल्लू शर्टात घालून चढले. सत्तरीचा माणूस! खालून मी ओरडत होते, "डावीकडं पाय ठेवा! ती फांदी कच्ची हाये!"

"तू खाली उभी राहून लाइन चालू करू नको," ते वरून म्हणाले. "हातात जीव हाये."

आणि नेमकं त्याच वेळी पिल्लानं सकाळचं खाल्लेलं सगळं त्यांच्या शर्टात परत केलं. वनरक्षक पोरीनं तोंड फिरवलं. जाऊ मोकळेपणानं हसली. पण त्यांचा हात हलला नाही. पिल्लू घरट्यात ठेवलं, दोन्ही हात हळूच काढले, आणि पायरी-पायरीनं खाली आले. खाली आल्यावर स्वतःचा शर्ट स्वतःच धुवायला नेला. हे आमच्या घरी फार क्वचित होतं.

मग बसायचं काम होतं. पोरगी म्हणाली, लांब बसा, हलू नका. मी आणि जाऊ तिच्या सरपणाच्या आडोशाला गोणपाट टाकून बसलो. दुपार गेली. बगळे येत होते, दुसऱ्या घरट्यांत उतरत होते. आमच्या घरट्यात दोन डोकी दिसायची, एक जाड, एक आमचं. ते आमचं सारखं आमच्या घराकडं मान वळवत होतं. 

मी हळूच जावेला म्हटलं, "तुझ्या डब्यातले बाकीचे बोडीत बुडवून टाक."

"अन् डुकरं? त्यायले तुमी ग्रंथ वाचून दाखवान?"

"पिपाच वाजव. रिकामा."

"रिकाम्या पिप्यानं माणूस भेत नाई, डुक्कर काय भेईल?" थोडा वेळ ती गवताची काडी मोडत बसली. "धान माझंबी जगलं पायजे, बाई. शेतात फोडीन. इथी बोडीपाशी नाई फोडणार, अन् कोणाले फोडूबी देणार नाई. एवढं सांगतो."

याच्यावर मला भाषण देता आलं असतं. पण कालपरवाच दोन बॉम्ब एका पिप्याखाली फोडून टाळ्या पिटलेली बाई मी. मीही एक काडी उचलली.

उन्हं तिरपी झाली. विहारात वाचनाची वेळ होत आली तरी मी उठले नाही. लांबून कोणीतरी दुसरी वाचायला लागल्याचा आवाज आला. पोरगी गाडीपाशी जाऊन पिंजरा काढायला लागली, आणि मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात एक बगळा बांधीकडून आला आणि त्या खालच्या फांदीवर उतरला. जाड पिल्लू ओरडत पुढं झालं, त्याला दिलं. मग तो मोठा बगळा मान वाकडी करून आमच्याकडं पाहायला लागला. म्हणजे आमच्या पिल्लाकडं.  पिल्लानं चोच वर केली, अगदी तशीच, जशी ओसरीत ह्यांच्यासमोर करायचं. मोठ्यानं मान खाली घातली आणि त्याची चोच स्वतःच्या चोचीत घेऊन घास भरवला.

"घेतलं! माय व, घेत—" मी उठतच होते की जावेनं मला खाली ओढलं आणि तिचा मातीचा, कांद्याच्या वासाचा हात माझ्या तोंडावर दाबून धरला.

"आता तोंडानं फटाका फोडता का, बाई?" ती कानात म्हणाली.

मी मान हलवली. तिनं हात काढला नाही, माझा तेवढा भरवसा नव्हताच. आम्ही तशाच बसून राहिलो, आणि वर तो बगळा पुन्हा एकदा वाकला.